खुशीचा उजवा पाय

डॉक्टर मधुसूदनांना हाडं आवडत. हाडांभोवती जी माणसं असतात ती मात्र त्यांना सहन होत नसत. आजोबा यवतमाळच्या कोर्टात वकील, वडील हेडमास्तर आणि स्वतः अस्थिरोगतज्ज्ञ. समोरच्याला काही कळत नाही, हे सांगण्यातच या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. आजोबांनी ते अशिलांना सांगितलं, वडिलांनी पोरांना, आणि डॉक्टर आता पेशंटना सांगत होते. वाकडा पाय समोर आला की त्यांचा चेहरा उजळे. मग पायाच्या वरचं माणूस बोलायला लागे आणि चेहरा पुन्हा पूर्ववत होई.

वर्षं कापसाची वाईट होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, आणि पेपरात नाव आलं की पाहुणे येणारच. कोणी गाई वाटून गेलं, कोणी शिलाई मशिनी. कोणी नुसतंच लोकांचं ऐकून घ्यायला आलं आणि ऐकून झाल्यावर रेस्ट हाऊसवर जेवून परत गेलं. जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, पण दुःखाला चांगला भाव आला होता, आणि तो भाव ज्यांना सगळ्यात आधी कळला त्यांत पुसदकडचे बबनराव होते. कापसातली सरकी काढायच्या दोन जिनिंग, एक डीएड कॉलेज आणि एक सेवाभावी संस्था असा त्यांचा पसारा. संस्थेनं सेवा कोणती करायची, हे त्यांना दरवर्षी नव्यानं ठरवावं लागे. त्या वर्षी त्यांनी लहान मुलांच्या जन्मजात वाकड्या पायांच्या मोफत शस्त्रक्रिया ठरवल्या. मोतीबिंदू सगळेच काढतात, त्यात आता काही दम राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिबिर पुसदच्या एका शाळेत भरलं. बॅनरवर बबनराव पाच फूट, डॉक्टर दीड फूट आणि वाकडा पाय अजिबात नव्हता, कारण तो 'बरा दिसत नाही.' चौसष्ट लेकरं आली. कारकुनानं टपाल फोडावं तसे डॉक्टर एकेक पाय हातात घेत, बघत आणि बाजूला सारत. सगळे साधे, आत वळलेले पाय. दर आठवड्याला एक प्लास्टर, पाच-सहा प्लास्टरांत सरळ. असले पाय सरळ करायला देवानं मधुसूदन कशाला घडवला, असं त्यांना मनातल्या मनात वाटत असे, आणि ते काही अगदीच मनातल्या मनात राहत नसे.

दुपारच्या चहाच्या वेळी रुपीबाई आली. पुसदजवळच्या एका तांड्यावरची बाई. नवरा अमरसिंग बबनरावांच्याच जिनिंगवर कामाला. कडेवर सव्वा वर्षाची खुशी. खुशीचा डावा पाय चारचौघांसारखा होता. उजव्याच्या तळव्याला मात्र खळगा नव्हताच. उलट तळवा खाली फुगलेला, वरवंट्यासारखा गोल. टाच वर उचललेली, चवडाही वर आणि बाहेर वळलेला. पोर उभं राहायला गेलं की त्या गोलाईवर डुलायचं आणि मटकन बसायचं.

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आजवर काय काय केलंत याला?"

"तांड्यातल्या बुढीनं तेल लावून चोळला जी. मंग एका डॉक्टरनं सांगतलं, वाकडा पाय हाय, प्लास्टर लावा. चार लावले. पाय अजूनच बिघडला."

"बिघडणारच. उलट्या बाजूला ओढला त्या गाढवानं," डॉक्टर म्हणाले, आणि ते किती खुशीत होते हे त्यांच्या आवाजावरून शाळेच्या शिपायालाही कळलं.

एक्स-रेनं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. घोट्यातलं टॅलस नावाचं हाड आडवं, पुढे पाहणारं असतं. खुशीच्या पायात ते उभं, जमिनीकडे तोंड करून बसलं होतं आणि त्याच्या पुढचं छोटं हाड सांध्यातून निसटून वर चढलं होतं. दहा हजारांत एखाद्या लेकराला असं होतं. तीस वर्षांत डॉक्टरांनी असे तीन पाय पाहिले होते, तिन्ही हाताबाहेर गेलेले. या पायालाही एका गाढवाचा हात लागला होता, पण वय हाताशी होतं. दोन वर्षांच्या आत तो सांधा जागेवर बसवला तर पोरगी जन्मभर साधी चप्पल घालून चालणार होती. बिनसलं तर हाडं तशीच घट्ट होणार आणि पुढे कितीही कापाकापी केली तरी पायाचं लाकूड होणार. मधला रस्ता नव्हता.

"दहा हजारात एक?" बबनरावांनी विचारलं. "म्हंजे आपल्या शिबिरात हेच एक?"

"हेच एक."

"मंग आपल्याले हेच पाह्यजे ना भाऊ! बाकीचे त्रेसष्ट राहू द्या बाजूले."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे किळसेनं पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही नेमकं हेच मनात म्हटलं होतं, आणि त्यांनी घाईघाईनं चहा संपवला.

पुढचे पाच आठवडे रुपीबाई दर आठवड्याला पोरीला घेऊन एसटीनं यवतमाळला डॉक्टरांच्या दवाखान्यात आली. प्लास्टर करायला गोविंदा होता. वीस वर्षं हाच धंदा. हातांच्या रेघांमधून पांढरी पूड कधी निघाली नाही. डॉक्टर पाय खाली आणि आत ओढून धरत, गोविंदा पट्ट्या गुंडाळत जाई. दोघं एकमेकांशी बोलत नसत. गोविंदाचा हात बरोबर आहे, हे डॉक्टरांनी वीस वर्षांत एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं. पगार देतो ते काय कमी आहे, असा त्यांचा हिशेब.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ऑपरेशन झालं. छोटासा छेद घेऊन डॉक्टरांनी निसटलेलं हाड टॅलसच्या तोंडाशी आणलं, दोन्ही हाडांतून आरपार एक बारीक तार घालून ती जागच्या जागी खिळवली, टाच वर खेचणारी शीर सैल केली. सांधा बसला तेव्हा बोटाला जे जाणवलं, ते त्यांना कोणाला सांगता आलं नसतं. हा माणूस तिरसट होता, पण त्याचा हात सोन्याचा होता, हे कबूल केलंच पाहिजे. तारेचं टोक कातडीबाहेर ठेवून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं गेलं. आता हाडांना एकमेकांची सवय व्हायला सहा आठवडे हवे होते.

आणि इथे डॉक्टरांची ती खास पद्धत आली. सूचना कागदावर लिहून दिल्या तर लोक त्या कागदात भजी बांधून आणतात, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते आईला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावत आणि शपथ घ्यायला लावत. त्यांचा स्वतःचा शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. 'अडाण्याला विज्ञान कळत नाही, शपथ कळते,' असं ते क्लबात सांगत आणि पत्ते पिसणारे लोक हसत.

"ठेव हात," ते रुपीबाईला म्हणाले. "म्हण. बेचाळीस दिवस प्लास्टर निघणार नाही. तार हलणार नाही. नवरा म्हणाला तरी नाही, सासू म्हणाली तरी नाही, देव आला तरी नाही."

रुपीबाईनं शब्द न् शब्द म्हटला. म्हणून झाल्यावरही तिनं हात काढला नाही. तो हात पाहून डॉक्टरांना बरं वाटलं. युक्ती लागू पडली होती. तरीही त्यांनी तिला घरी जाऊ दिलं नाही. कापूस वेचणीचे दिवस, ही बाई पोरीला शेताच्या धुऱ्यावर बसवणार आणि प्लास्टर मातीत घालणार, याची त्यांना खात्री होती. आठ नंबरची खाट तिला दिली. रुपीबाई रोज सकाळी खाटेच्या दांडीला दोऱ्याची एक गाठ मारायची. राऊंडला आल्यावर डॉक्टर त्या गाठींकडे बघून नर्सला म्हणायचे, "बघा, आमचं कॅलेंडर."

विसाव्या गाठीला बबनराव आले.

"डॉक्टरसाहेब, तारीख बदलली. पाहुणे येत्या मंगळवारीच येऊन राह्यले. नागपुरात अधिवेशन चालू हाय, त्याहिले तेवढाच एक दिवस रिकामा भेटला." पाहुणे म्हणजे मंत्री. आधी ते संक्रांतीनंतर येणार होते, तोवर खुशीचं प्लास्टर निघालं असतं.

"येऊ द्या की."

"येऊ द्या काय! पोट्टीचं प्लास्टर काढा लागन ना. मी चांदीच्या तोरड्या घडवल्या तिच्यासाठी. पाहुणे सोताच्या हातानं तिच्या पायात घालतीन, फोटो निंगन. आता प्लास्टरवर तोरडी कशी बसन, तुमीच सांगा."

"तेवीस दिवसांत तार काढली तर हाड परत निसटेल, बबनराव. सगळं पाण्यात."

बबनराव चिडले नाहीत. चिडणं हे लहान माणसांचं काम. त्यांनी लोहाऱ्याचा विषय काढला. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली जागा, तिथे मुलांच्या हाडांचं मोठं रुग्णालय, त्याचे संचालक डॉक्टर मधुसूदन. ही स्वप्नं तीन महिन्यांपासून चालू होती. "कागद पाहुण्याच्या टेबलावर हाय. एका सहीचा खेळ. तुमी अर्ध्या तासासाठी पाय मोकळा करा, संध्याकाळी घाला ना अजून प्लास्टर. आमाले काय समजते त्यातलं? तुमी एवढे मोठे डॉक्टर."

हे शेवटचं वाक्य बबनराव वाया घालवत नसत.

ते गेल्यावर डॉक्टर अर्धा तास खुर्चीत बसून होते. या माणसाला टॅलस म्हणजे साबणाची वडी वाटत असेल, हा आपल्याला शिकवतो, असं त्यांना वाटलं. मग वाटलं की अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे. पुन्हा भूल देऊ, पुन्हा तार घालू. एकदा सुटलेला सांधा दुसऱ्यांदा तसा बसत नाही, हे त्यांनीच नागपूरच्या परिषदेत उभं राहून सांगितलं होतं. पण परिषदेत आपण सर्वसाधारण बोललो, इथे हात आपला आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अडाणी माणूस पाप करतो तेव्हा निदान घाबरतो तरी. शिकलेल्या माणसाला त्यासाठी आधार सापडतात. लोहाऱ्याला रुग्णालय झालं तर अशा शंभर पोरींचे पाय सरळ होतील, हा आधार त्यांना सापडला आणि ते जेवायला गेले.

सोमवारी दुपारी त्यांनी गोविंदाला बोलावलं. "उद्या सकाळी आठ वाजता आठ नंबरचं प्लास्टर काढ. तार मी काढतो."

"साहेब, उद्या तेवीस दिवस होतेत."

"मला मोजता येतं."

"येते जी," गोविंदा म्हणाला आणि प्लास्टर कापायची करवत पुसत राहिला.

रुपीबाईला सांगायचं काम त्यांनी नर्सवर सोपवलं होतं. दहा मिनिटांत नर्स परत आली. बाई ऐकत नाही. डॉक्टर तणतणत वॉर्डात गेले. रुपीबाई खाटेजवळ उभी होती. खुशी पांढऱ्या जड पायासकट खाटेवर बसून एक्स-रेचं रिकामं पाकीट चावत होती. खाटेच्या पायथ्याशी अमरसिंग उभा होता. त्याला जिनिंगवरून खास गाडीनं आणलं होतं. तो जमिनीकडे बघत होता.

"काय अडचण आहे?"

"तुमी बेचाळीस म्हनलं होतं जी. बावीसच गाठी झाल्या."

"मीच म्हटलं होतं ना? मग आता मीच सांगतो की काढायचं."

"शपत घेतली मी."

"ती मी घ्यायला लावली होती. मीच मोकळं करतो तुला शपथेतून. झालं?"

रुपीबाईनं डोकं हलवलं. उद्धटपणा नव्हता त्यात. लहान मुलाला समजावताना आपण हलवतो तसं हलवलं. "शपत तुमची नाय घेतली साहेब. लेकराची घेतली. तुमी कशी सोडवसान?"

तीन पिढ्यांच्या वकिलीनं आणि हेडमास्तरकीनं यावर आवाज चढवला. आपण कोण, ती कोण, फुकटात ऑपरेशन कोणी केलं, खाट कोणाची, भात कोणाचा, हे सगळं त्यांनी वॉर्डातल्या बारा खाटांना ऐकू जाईल असं सांगितलं. वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

"अवं, साहेब म्हनतेत तर काढू दे ना," अमरसिंग पुटपुटला. "बबनरावाची नोकरी हाय आपली."

रुपीबाईनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पोरीच्या प्लास्टरवर हात ठेवून बसून राहिली. डॉक्टर गोविंदाला म्हणाले, "सकाळी दोन वॉर्डबॉय घे आणि काढ." आणि निघून गेले.

मंगळवारी सकाळी आठ वाजता आठ नंबरची खाट रिकामी होती. चादर घडी घालून ठेवलेली, दवाखान्याचा ग्लास धुऊन पालथा घातलेला. नर्सनं सांगितलं, सात वाजता गोविंदा पोरीला खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर जाताना दिसला, मागून बाई. प्लास्टरवाला प्लास्टरचं लेकरू घेऊन चाललाय, त्यात विचारायचं काय? गोविंदा साडेसातला परत आला होता आणि पट्ट्या कापत बसला होता.

"कुठे आहे ती?"

"एसटीत बसवून देल्ली. घरी जातो म्हने."

डॉक्टर त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गोविंदानं ते उभ्या उभ्या ऐकून घेतलं. त्याला तिथल्या तिथे काढून टाकायचं डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं, पण दुपारी तीन मांड्यांची प्लास्टरं होती आणि तसा हात जिल्ह्यात दुसरा नव्हता. "ही जात सुधारणार नाही," ते नर्सला म्हणाले. "कितीही करा. अर्धवट सोडून पळणार म्हणजे पळणार."

खरं म्हणजे अर्धवट सोडायचं कोणी ठरवलं होतं? पण हा प्रश्न नर्सनं विचारला नाही. तिलाही नोकरी होती.

बबनरावांना बातमी कळली तेव्हाही ते चिडले नाहीत. त्यांनी ड्रायव्हर रामलालला हाक मारली. रामलालला अडीच वर्षांची पोरगी होती, दोन्ही पाय ठणठणीत.

लोहाऱ्याच्या मोकळ्या जागेवर मांडव पडला होता. जिनिंगवरची माणसं चार ट्रकांतून आणून बसवली होती. मंत्री दोन तास उशिरा आले, दुष्काळ, बोंडअळी आणि स्वतःचं बालपण यांवर बोलले. मग बबनरावांनी माइक घेतला आणि दहा हजारांत एक, असं म्हणून रामलालची पोरगी स्टेजवर सोडली. तिनं नुसतं चालून दाखवायचं होतं. ती धावली. खुर्च्यांना वळसा घालून, मंत्र्यांच्या अंगरक्षकाच्या पायांमधून निघून, पुन्हा धावत आली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांना तेवढी सवय होती. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं आणि तोरडी हातात धरून विचारलं, "कोणता पाय हो?"

"डावा," बबनराव म्हणाले.

"उजवा," डॉक्टर म्हणाले, त्याच क्षणी.

मंत्र्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. तीस वर्षांत डॉक्टर मधुसूदनांनी डाव्या-उजव्याची चूक केली नव्हती. त्याच चुकीबद्दल एका सहायकाला त्यांनी एकदा ऑपरेशन थिएटरमधून हाकललं होतं. त्यांनी घसा खाकरला. "दोन्ही," ते म्हणाले. "दोन्ही पाय, साहेब."

"वा! आणि खूण कशी नाही कुठे?"

"आजकाल राहत नाही खूण."

फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला: मंत्री, पोरगी, तोरड्या, बबनराव आणि कडेला, हात मागे बांधून, डॉक्टर. शहरभर अभिनंदनाचे फोन आले. एकाही डॉक्टर मित्राला त्या फोटोतल्या पायांत काही खटकलं नाही, आणि हीच गोष्ट मधुसूदनांना सगळ्यात झोंबली. गाढवं, ते म्हणाले. सगळी गाढवं. पण या वेळी त्या शब्दात नेहमीची मजा नव्हती. लोकांना हसताना आपण ज्या ओट्यावर बसायचो तो ओटाच खालून कोणी काढून घेतलाय, असं त्यांना वाटत राहिलं.

लोहाऱ्याच्या कागदावर सही झाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की बबनरावांनी तिथे सरकीच्या तेलाची मिल काढायचं ठरवलंय. रुग्णालयाचं पुढच्या टप्प्यात बघू, असं ते म्हणाले. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे कळण्याइतकी अक्कल डॉक्टरांना होती.

पण त्यांना छळत होतं ते दुसरंच. सात जानेवारीला बेचाळीस दिवस पुरे झाले. त्या रविवारी दवाखाना बंद असूनही ते दिवसभर तिथे बसून राहिले. कोणी आलं नाही. तार काढलीच नाही तर तिच्या वाटेनं पू होईल, हाड सडेल; आणि कोणा गाढवानं भलत्या दिवशी ओढून काढली तर पाय गेला. त्यांनी केलेला सगळ्यात चांगला सांधा कुठल्या तरी तांड्यावर मातीत बसला होता आणि त्याचं काय झालं हे विचारायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं. दहा तारखेला त्यांनी पट्ट्या मोजत असलेल्या गोविंदाला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती आठ नंबरवाली. काही कळलं?"

"काढली ना तार," गोविंदा मान वर न करता म्हणाला. "आठ तारखेले मी सुट्टीवर नव्हतो का. सरकारी दवाखान्यात नेलतं तिले. नवा डॉक्टर हाय तिथं, पोरगंच हाय. त्यानं काढली. एक्स-रेचा फोटो पाहून म्हने, हे काम कोनाचं? असा सांधा पुस्तकातबी नाय पाह्यला म्हने." गोविंदानं मोजलेल्या पट्ट्या बाजूला सारल्या. "मी तुमचं नाव सांगतलं."

केबिनमध्ये जाऊन डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्यांना लाज वाटत होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ही भावना नवी असल्यामुळे आधी त्यांना ती अपचनासारखी वाटली.

पुढच्या रविवारी ते स्वतः गाडी चालवत पुसदकडे निघाले. पाय बघायचा, एवढंच त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. माफी वगैरे मागायचा त्यांच्या घराण्यात रिवाज नव्हता. वाटेत मात्र त्यांनी तीन-चार वाक्यं जुळवून पाहिली, आणि प्रत्येक वाक्यात कुठे ना कुठे तिचाच दोष निघत होता, म्हणून ती सोडून दिली.

तांड्यावर गाडी थांबली तशी पोरं जमली. रुपीबाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. ती उठली, डोक्यावरून पदर घेतला, बाज टाकली, तांब्याभर पाणी आणून दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॉक्टरांना राग चालला असता. रागाशी कसं वागायचं ते त्यांना येत होतं.

"अमरसिंग कुठाय?"

"कापूस वेचाले गेला दुसऱ्याच्या वावरात. जिनिंगवरून काढलं त्याले." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. नवरा कुठे आहे, हे विचारलं म्हणून सांगितलं.

"मी... पाय बघायला आलो होतो."

"पाहा ना जी."

झोपडीच्या दारातून खुशी भिंत धरून येत होती. उजव्या पायात सरकारी दवाखान्यातला पट्ट्यांचा बूट होता. बूट टेकवत, हात बदलत ती चार पावलं आली, "याडी" म्हणून आईला हाक मारली आणि मातीत बसली. रुपीबाईनं तिला उचलून बाजेवर घेतलं, एकेक पट्टा सोडला, बूट काढला आणि पाय उन्हात धरला.

तळव्याला खळगा होता. छोटासा, पण होता. टाच खाली आली होती, चवडा सरळ पुढे पाहत होता. छेदाची गुलाबी रेघ होती, तारेच्या जागी मसुराएवढा डाग होता. सांधा कसा बसलाय हे डोळ्यांनी पुरतं कळत नाही. अंगठा तळव्याखाली आणि बोट वरून, असं दाबून बघावं लागतं. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात पुढे गेला.

रुपीबाईचा हात मध्ये आला.

"पाहा साहेब," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पाहुण्याशी बोलावा तसा. "तुमीच बनवला हा पाय. पाहाले मनाई नाय. पन हात नका लावू."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो खिशात घातला. जमलेली पोरं त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यात त्यांनी इतका चांगला पाय केला नव्हता, आणि तो दाबून बघायची त्यांना परवानगी नव्हती. रुपीबाईनं बूट घातला, पट्टे आवळले आणि चहा ठेवायला आत गेली.